मशीन राहील किंवा मी

३ मार्च, सोमवार
आजपासून युद्ध. माझ्या टेबलाला खेटून झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलंय. दिवसभर घरघर, गरम वाफा, जळका वास. या खिडकीजवळच्या जागेसाठी बारा वर्षं वाट पाहिली, ती काय काळी पूड हुंगायला? मास्क लावला. संध्याकाळी काढून पाहतो तर आतून काळा! टोनर थेट फुप्फुसात चाललाय. मास्क पिशवीत जपून ठेवला. पुरावा.

५ मार्च, बुधवार
साहेबांना मास्क दाखवला. म्हणाले, बाहेरून तर पांढराशुभ्र आहे. मी म्हटलं, हीच तर त्या पुडीची चलाखी. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. निरुत्तर केलं.

७ मार्च, शुक्रवार
आज मास्कवर काळं जवळजवळ नाही. मशीनने धसका घेतलेला दिसतो. अकाउंट्सच्या बाई त्याला टेकून ढीगभर कागद काढतात. ना मास्क, ना खोकला. काही लोकांना स्वतःच्या जिवाची किंमतच नसते.

९ मार्च, रविवार
नेहमीप्रमाणे मिशी काळी केली. उद्या साहेबांशी आरपारची बोलणी, म्हणून आज दोन हात जास्त. बायको म्हणाली, पुरे आता, डांबर फासल्यासारखं दिसतंय. लढणाऱ्या माणसाची घरात कदर नसते.

१० मार्च, सोमवार
मास्क काळाकुट्ट! मोठा शोध लागला. विष सोमवारी जास्त, शुक्रवारी कमी. रविवारी मशीन बंद, पूड आत साठते आणि सोमवारी सगळी माझ्यावर. साहेबांना ठणकावलं, एक तर मशीन राहील, नाहीतर मी. विचार करून सांगतो म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. एसी बंद होता, पण ते सोडा.

१२ मार्च
निर्णय झाला. मशीन राहणार.
मला मागच्या रेकॉर्ड रूममध्ये टेबल. खिडकी नाही, पण मशीनही नाही. म्हणजे विजय माझाच. माझ्या जागेवर अकाउंट्सच्या बाई बसणार. बिचाऱ्या.

१७ मार्च, सोमवार
रेकॉर्ड रूमचा पहिला दिवस. मशीन दोन भिंतींपलीकडे, तरी मास्क काळा! म्हणजे पूड भिंतीतूनही येते. वरच्या ऑफिसला तक्रार करणार. आता माघार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला सगळे पुरावे दाखवले. तिने एक मास्क नळाखाली धरला. काळं पाणी वाहिलं. मग तिने ओला अंगठा माझ्या मिशीवरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला.
जेवलो नाही.

१८ मार्च
खिडकी परत मागावी, तर कारण काय सांगू? बाई म्हणाल्या, जागा फार छान आहे हो, वारा मस्त येतो. फार वाईट वाटलं. बारा वर्षं!
मिशी सकाळीच सफाचट केली. साहेबांनी विचारलं, मशीन लांब गेलं, आता मास्क कशाला?
म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.