अण्णांच्या होडीला पडलेलं भोक

निपाणी, नोव्हेंबर १९७९

तीर्थरूप परशराम अण्णांस,

धाकट्या नागोजीचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी पडल्यापासून आईचे गुडघे कुरकुरतात. अंजनाची शाळा जोरात आहे (ती पोरं शिकवते आणि मी भाकऱ्या थापतो, असं आई गल्लीभर सांगत सुटली आहे). वहिनी आणि मुलं कशी आहेत? रबरी होडी लॉरीने नागपूरला धाडून दे, हे तुमचं कार्ड पोहोचलं. कार्डात होडीची चौकशी चार ओळी आणि आईची अर्धी, म्हणून मीही होडीपासूनच सुरू करतो.

मे महिन्यात तुम्ही हिडकल धरणावर दिवसभर होडीत बसून एक खेकडा धरलात (आई म्हणते, तोच दमून होडीत चढला) आणि जाताना होडी माझ्या स्वाधीन केलीत. स्वच्छ पाण्यानं धू, सावलीत वाळव, पावडर लाव, घड्या घालू नको, उंदरांपासून जप. पोरगी सासरी धाडतानाही कुणी एवढ्या सूचना देत नाही. मी धुतली, वाळवली. अंगभर पावडर चोळताना अंजनानं पाहिलं आणि डबा हातातून काढून घेत म्हणाली, "माझ्या लग्नात मला बी एवढी पावडर लावली न्हवती."

उंदरांचं मात्र अवघड होतं, कारण आपल्या घरात त्यांचंच राज्य. शेवटी देवाप्पाच्या तंबाखूच्या वखारीत होडी गुंडाळून ठेवली. तंबाखूच्या वाटेला उंदीर जात नाही. पावसाळा सरला तरी होडी शाबूत. पण घरी आणून सोप्यात उलगडली मात्र, तपकिरीची डबी उपडी व्हावी तसं झालं. अंजना शिंकली, मी शिंकलो, दूध घालायला आलेली शालूबाई शिंकता शिंकता निम्मं दूध उंबऱ्याला पाजून गेली. नागपूरचे मासे तुमच्या गळाला लागोत न लागोत, शिंकतील नक्की.

पुन्हा धुतली, पुन्हा पावडर लावली (या खेपेला खडूची भुकटी, अंजनाला विचारून) आणि निम्मी हवा भरून ठेवली. सकाळी बघतो तर हवा गेलेली! कुठंतरी भोक पडलं आहे आणि ते सापडत नाही. पंक्चरवाला म्हणतो, पाण्यात बुडवल्याशिवाय कळणार नाही. होडी बुडवायची म्हणजे हौद केवढा लागेल? अशी फुटकी होडी लॉरीत घालण्यापेक्षा तुम्हीच येऊन बघावं हे बरं. तुमची वस्तू, तिची नाडी तुम्हालाच कळणार.

तुमचा,
नागोजी

ता. क. आई शेजारी बसून सांगत होती, म्हणून शेवटचं सगळं तसं लिहिलं. आता ती देवळात गेली आहे. होडीला भोक वगैरे काही नाही, पंक्चरवाल्याकडे मी गेलोही नाही. तुमचं कार्ड आलं तेव्हाच होडी पोत्यात घालून, तोंड शिवून तयार केली होती. लॉरीकडे न्यायला उचलणार, तर आई पोत्यावर बसली. म्हणाली, "ही बी गेली म्हंजे परशा हिकडं कशाला येतोय रं?" मी पोत्यावरचा हात काढून घेतला, अण्णा. वाईट वाटलं. तेव्हापासून पोतं तिच्या अंथरुणाशेजारी आहे.

आणखी एक. आलात की भोक शोधत बसा. चार दिवस तरी ते सापडू देऊ नका.