चांदणीच्या ठाणाला फ्लॅट नंबर नाही

देवास,
घटस्थापनेच्या आदला आठवडा

ती. आक्का हिस, धाकट्या विठोबाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे माझे दोन्ही गुडघे सोडून बाकी सर्व क्षेम आहे; तिकडे धारला तुझे गुडघे काय म्हणतात ते सविस्तर कळवावे. (गुडघेदुखी हे आपल्या घराण्याचे वतन आहे आणि तेवढे एकच कुणी सरकारजमा केले नाही.) फोनवर तुला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही आणि ही हकीकत ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. नात वाचून दाखवत असेलच. नीतू बेटा, तुझी शाळा हिंदीतली हे मला ठाऊक आहे. अडशील तिथे आजीला विचार, पण ओळ गाळू नकोस.

तीन वर्षांनी यंदा दसऱ्याला औक्षणाला येतेस असा तुझा निरोप मिळाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण धडकी भरली. त्याचे कारण सांगतो, मात्र मला माझ्या चालीने सांगू दे.

नीतूसाठी थोडे मागचे लिहितो. पागा लाईन म्हणजे संस्थानच्या रिसाल्याची अकरा घरे, आणि प्रत्येक दारापुढे घोडा बांधायचा कडीचा दगड, म्हणजे ठाण. तुझे खापरपणजोबा तिथे नालबंद होते, घोड्यांना नाल ठोकायचे. आपल्या दारी चांदणी नावाची घोडी असे. संस्थान विलीन झाले, फौज मोडली, चांदणी लिलावात गेली. (दगड मात्र कुणाला उपटता आला नाही.) तेव्हापासून दसऱ्याला रिकाम्या ठाणापुढे भिजवलेले हरभरे आणि गूळ ठेवायचा, घरच्या लेकीने दगडाला ओवाळायचे, मग आजोबांनी विचारायचे, चांदणीने खाल्ले का, आणि लेकीने खाल्ले म्हणायचे. आक्का, तू हे साठ वर्षे म्हणालीस. आजोबांमागे विचारायचे काम माझ्याकडे आले.

आता तिथे ‘पागा हेरिटेज’ नावाची नऊ मजल्यांची कॉलनी उभी आहे. जागेसाठी बिल्डर आला तेव्हा सर्वांत आधी मी सही केली, हे तुला माहीत आहे. ठाणे जागच्या जागी राहतील आणि दसऱ्याला लेकींना कुणी अडवणार नाही असे त्याने सांगितले, वर मला ‘वारसा सल्लागार’ नेमले. (कार्ड छापून दिले. त्यावर माझा फोन नंबर चुकीचा आहे.) मग मी कार्ड खिशात घालून दहा घरे फिरलो, माझ्या शब्दावर दहाही घरांनी सह्या केल्या. सल्लागार म्हणून मी एवढा एकच सल्ला दिला, आणि तेवढाच ऐकला गेला.

अकरांपैकी दहा दगड पायाभरणीत गेले. आपला राहिला, कारण तो नेमका बागेच्या नकाशात येत होता. त्याला सोनेरी रंग दिला आहे आणि भोवती साखळी. शेजारी चौथऱ्यावर फायबरचा घोडा उभा केला आहे, तोही दगडाकडे पाठ करून. त्याच्या पायांना नाल नाहीत. नालबंदाचा नातू म्हणून मी हरकत घेतली, तर तिथल्या ऑफिसातला अंकित नावाचा मुलगा म्हणाला, “काकाजी, नीचे से कौन देखता है?” त्यानेच पाटीसाठी आजोबांचा हुद्दा विचारला. मी नालबंद म्हणालो. त्याने तोंड इतके वाकडे केले की दगडही जातो की काय अशी भीती वाटून मी गप्प बसलो. आता पाटीवर ते ‘अश्वसेना के वीर सेनापति’ आहेत. (आयुष्यात घोड्यावर बसले नाहीत. पुढचे दोन दात लाथेने गेले होते.) ज्या माणसाने चाळीस वर्षे घोड्यांचे पाय मांडीवर घेतले, त्याचे काम त्याच्याच नातवाने पुसले. याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या दसऱ्याला मी हरभरे-गुळाची वाटी घेऊन गेलो, तर फाटकावर नव्या चौकीदाराने विचारले, “बा साब, किस फ्लैट में जाना है?” मी म्हणालो, घोडीला भेटायचे आहे. तो भला माणूस, मनन त्याचे नाव. त्याने यादी दोनदा पाहिली आणि म्हणाला, “बिना फ्लैट नंबर एंट्री नी होती.” अंकितने फोन उचलला नाही. मी वारसा सल्लागाराचे कार्ड दाखवले. मननने त्यावरचा नंबर लावला, तो उज्जैनच्या एका हलवायाला लागला. तासभर उभा राहून मी वाटी फाटकाबाहेर ठेवली. एका गाईने क्षणात साफ केली. भवानीबाई, आपल्या शेजारच्या, तिथून जात होत्या. त्यांचा दगड तर पायाभरणीतच गेला. त्यांनी मला पाहिले आणि पदर सावरून रस्ता ओलांडला.

संध्याकाळी तुझा फोन आला आणि या वेळी तूच विचारलेस, खाल्ले का. मी खाल्ले म्हणालो. ते खरेच होते, पण आक्का, मी तुला फसवले. वर्षभर जेवताना दर घासाला ते आठवते.

म्हणून म्हणतो, यंदा येऊ नकोस. बसचा प्रवास तुला झेपणार नाही, ऊनही फार आहे. सर्वांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
विठोबा

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद रद्द समज. तू आलीच पाहिजेस. ओवाळायला दुसरी लेक मी कुठून आणू?

आणखी ता. क. फाटकातून दोनच प्रकारच्या माणसांना सोडतात: राहणारे आणि घेणारे. तेव्हा दसऱ्याला सकाळी अकराला तुझ्या नावे फ्लॅट पाहायची वेळ घेऊन ठेवली आहे. ‘यमुनाबाईजी, तीन बेडरूम’ अशी नोंद आहे. नीतूने चांगले कपडे घालून यावे, फ्लॅट तिच्यासाठी आहे. ऑफिसातून फोन येईल, तो नीतूला घ्यायला सांग, नाही म्हणू नकोस. निरांजन आणि काडेपेटी पर्समध्ये घे, वाटी मी आणतो. बाग दाखवायला नेतील तेव्हा मी अंकितला पार्किंगच्या प्रश्नांत गुंतवीन, तेवढ्यात साखळी ओलांडून ओवाळ. (साखळी गुडघ्याइतकी उंच आहे, म्हणून वर गुडघ्यांची चौकशी केली.) कुठल्या बाजूचा फ्लॅट हवा असे विचारतील. बागेकडचा, जिथून तो सोनेरी दगड दिसतो तो, असे सांग. तेवढे तरी खोटे होणार नाही.