आईची टाच आणि चोवीस डिश

४ मार्च
परत मेल्या! प्रयोगशाळेतल्या चोवीस काचेच्या डिशपैकी एकवीस. कातडीच्या पेशी गोल होऊन वर तरंगतायत. महिनाभराची मेहनत पाण्यात. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सूक्ष्मदर्शकात डोकावल्यासारखं केलं. "पेशी जुन्या असतील. नव्या मागव." झालं! यांचं संशोधन संपलं.

५ मार्च
नव्या मागवल्या. काही लिहावंसं वाटत नाही.

८ मार्च
आईच्या टाचेची पट्टी बदलली. मधुमेहाची जखम, आठ महिने झाले. शर्टाच्या बटणाएवढी होती, आता बाटलीच्या झाकणाएवढी.
"तू दिवसभर कातडीच वाढवतेस ना गं? मग थोडी घरी आण की!" स्वतःच हसली.
मी खेकसले — "ते काय दुकानातून आणायचंय?" पट्टी बांधताना हातही जरा जोरात लागला. दिवसभर स्वतःचा राग राग येतोय.

११ मार्च
जगलेल्या तीन डिश पुन्हा बघितल्या. त्यांच्या तळाला प्रोटीनचा थर जाड बसला होता, बाकीच्यांत विरळ. एवढंच! पेशीच्या बाहेर हा थर असतो. त्याला धरून ती पसरते, मग वाढते. धरायला काही नसेल तर नव्या मागवा नाहीतर सोन्याच्या मागवा — मरणारच. आम्ही सगळे पेशीकडे बघतोय, तळाकडे कोणीच नाही.
आईच्या जखमेतही हेच होत असेल तर?

१२ मार्च
आईच्या सर्जनना विचारलं, तिच्या जखमेतलं पाणी तपासायला मिळेल का. "आईंची सही आणि रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणा." आईने न वाचताच सही ठोकली. समिती म्हणते, दोन आठवडे!

३० मार्च
खरं निघालं! जाड थरावर पेशी घट्ट बसल्या होत्या. अर्ध्या डिशमध्ये आईच्या जखमेतलं पाणी घातलं. दोन दिवसांत तिथल्या पेशी सुटल्या, थराच्या चिंध्या. त्या पाण्यातलं काहीतरी थरच कुरतडतंय. आईची कातडी वाढायला बघत असेलही, ते पाणी तिला पाय रोवू देत नाही!
मॅडम खूश. "आणखी तीस रुग्ण घे. दोन वर्षांत छापू."
"आणि माझ्या आईचं काय?"
"औषध व्हायला दहा वर्षं लागतात. तुला माहीत आहे."
माहीत आहे. म्हणूनच तर डोकं फिरतं!

३ एप्रिल
आईला ताप. जखमेतला संसर्ग हाडापर्यंत पोचलाय. सर्जन म्हणाले, "घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. उद्याच." दादा तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला. मी मात्र वेड्यासारखी सर्जनना मोबाइलवर डिशचे फोटो दाखवत बसले. त्यांनी शांतपणे सगळे बघितले. "काम चांगलं आहे. पण आईंना तेवढा वेळ नाही."
एवढं कळून उपयोग काय? काय उपयोग!

४ एप्रिल
आत्ता आत नेलं. दारातच स्ट्रेचर थांबवायला लावलं तिने. सर्जनना म्हणाली, "तो पाय वाया घालवू नका हं, डॉक्टर. माझ्या लेकीला द्या. तिच्या कामाला येईल."