गोविंदाच्या घोरण्यावरचा तास

महाल, नागपूर
२० मे १९७८

ति. सौ. यमुताईस,

चारुलताचा खाटेवरूनच नमस्कार (उठून बसायला हवं, पण पाय ऐकत नाहीत). तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का? मोसंबीला विहिरीचं पाणी पुरतंय ना?

तू विचारलंस, मी हल्ली शिकवते तरी काय. काय सांगू वं ताई! कॅज्युअल्टीत ड्यूटी करणाऱ्या पोरांना बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा ठेवायला शिकवते. बेशुद्धीत जीभ मागे पडते, घसा बुजतो. अशा वेळी कपाळावर हात ठेवून डोकं मागे न्यायचं, हनुवटी वर उचलायची, एवढंच. (एवढंच शिकवण्यात माझे केस पिकले.) त्यासाठी मागवलेला रबरी पुतळा कॉलेजनं पत्र्याच्या खोलीत ठेवला आणि उन्हानं त्याची मान खांद्याला चिकटली. दुसरा मागितला, तर वरून विचारणा आली की पहिल्यावर काय काय उपचार केले होते?

शेवटी आमच्या वॉर्डबॉय गोविंदालाच टेबलावर निजवलं. पन्नाशीचा माणूस, रात्रपाळी करून आलेला. "नुसतं झोपाचंच न म्याडम?" म्हणाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. मला तर सोनंच सापडलं, कारण घोरणं म्हणजे अर्धा बुजलेला घसा. हनुवटी नीट उचलली की आवाज थांबतो. पोरं एकेक करून उचलत गेली. अकराव्याला गोविंदा उठून बसला. "म्याडम, हे पोट्टे मले झोपूच नाई देऊन राहिले!"

एकटा रवींद्र मात्र हात लावेना. "मले भेव लागते म्याडम. मान मोडली तं?" मी इतकी शिणले होते की सगळ्यांसमोर म्हणाले, मग डॉक्टरकी सोड आणि किराणा दुकान टाक. पोरगा खाली मान घालून गेला. मी त्याच्या नावापुढे शाईनं 'नापास' लिहिलं.

गुरुवारी तोच काटोलच्या एसटीत होता. एका म्हातारीला फिटचा झटका आला. झटका थांबला, पण ती घरघरत पडली, ओठ निळे पडले. कोणी चप्पल हुंगवतंय, कोणी तोंडात पाणी ओततंय. दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, नजर न उचलता. "मी म्हटलं सरका, पाणी नका पाजू. कुशीवर केलं, तोंडातलं पाणी काढलं, हनुवटी उचलली. घरघर थांबली म्याडम! मंग दवाखान्यापर्यंत तसाच धरून बसलो. सोडाले भेव लागे." म्हातारी काल घरी गेली. बाहेर जाऊन तोंड धुऊन आले, त्याची माफी मागितली आणि ते 'नापास' खोडलं.

पण आता पुरे. पंधरा वर्षं झाली, ताई. राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी देते आणि तुझ्याकडे येऊन नुसती पडून राहते.

तुझी, दमलेली,
चारू

ता.क. सोमवारी जमणार नाही. मंगळवारी पोरांची परीक्षा आहे आणि गोविंदा मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर गेलाय. भावजींना दोन दिवस पाठवतेस का? फक्त झोपायचं आहे.

ता.क. २. त्यांना कारण सांगू नकोस, डोळे तपासायचे आहेत म्हण. खरं कळलं तर म्हणतील, मी घोरतच नाही.