पूजेतला हातोडा

म्हैसूर, आयुधपूजा, संध्याकाळ

सकाळी मुलाचा, श्रीधरचा, बेंगळुरूहून फोन. बाळाच्या दाखल्यावर आडनाव काय घालू, विचारत होता. मी म्हटलं, "सुम्ने, सरळ राव घाल. आप्पांनी तेच लावलं, मीही तेच." विषय संपला.

संपला कुठे? दुपारी वरची भाडेकरू आन्या पूजेला आली. पोलंडची, इथे योग शिकते. स्कूटर, मिक्सर, लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू लावून झालं होतं. पहिला मान नेहमीसारखा पणजोबांच्या हातोड्याचा. तिने विचारलं म्हणून सांगितलं, पणजोबा फौजेतल्या घोड्यांना नाल ठोकायचे. आम्ही लोहार. आप्पा कचेरीत लागले आणि लोहारचं राव झालं.

ती हसायलाच लागली. तिचं आडनाव कोवाल्स्का. त्यांच्याकडे कोवाल म्हणजे लोहार! गावोगावी भट्टी असायची, म्हणून जिकडेतिकडे हीच आडनावं, म्हणाली.

"लाज नाही वाटत?" मी हे का विचारलं असेल?

"कशाची? आमच्याकडे नुसतं नाव उरलंय. हातोडा कुणी जपलाच नाही."

तेव्हापासून तेच डोक्यात. कचेरीत आप्पांना काय ऐकावं लागलं असेल? आणि नाव टाकलं, तर दर वर्षी हातोड्याला पहिलं कुंकू का लावायचे?

आत्ता श्रीधरला फोन केला. म्हटलं, राव नको, लोहार घाल. कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

मग म्हणाला, "तो हातोडा पणजोबांचा? बाबा, मला वाटायचं नारळ फोडायला ठेवलाय."