वाकडी फळी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायचं आहे. माझ्या उजव्या डोळ्यापुढे मधोमध डाग आला आहे. सगळा देव्हारा दिसतो, फक्त देवाचा चेहरा दिसत नाही.

गिरणीचा संप चिघळला आणि तुम्ही रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत लागलात. मागावरचा एक धागा सरकला तरी ओळखणारा माणूस, म्हणून शेठने फळ्या निवडायला ठेवलं. आधी मात्र गोदाम साफ करायला लावलं. कबुतरांच्या नि वटवाघळांच्या शिटेचे थर तुम्ही कोरडेच झाडलेत, आणि डबा घेऊन आलेली मीही मदतीला लागले. धूळ नाकातोंडात जायची. बाहेर येऊन तुम्ही विडी शिलगवायचात. काही वर्षांनी तुम्ही चांगल्या फळ्या बाजूला टाकू लागलात. "बाय, बघ गो, मधीच वाकडी आसा." मला ती सरळ दिसत होती, पण तुमच्या नजरेला खोटं कोण म्हणणार? शेठ म्हणाला, "संपवाला तो संपवालाच. हर मालात खोट काढतो." तुम्ही चपला घालून निघून आलात. आईलाही तो हट्टच वाटला. दोष डोळ्याचा असेल, हे कोणाच्याच मनात आलं नाही. पुढे तुम्ही ताटातली मासळी बोटांनी चाचपून खाऊ लागलात.

मी वखारीचं सांगितलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसल्या शिटेत बुरशी असते, ती श्वासातून छातीत जाते. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या डोळ्याच्या पडद्यावर वण राहतात, आणि कित्येक वर्षांनी तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाझरू लागतात. विडी-सिगारेटने धोका वाढतो. बुरशीचं औषध आता कामाचं नाही, पाझर थांबवायला थेट डोळ्यात इंजेक्शन. वेळेवर गेलं तर उरलेली नजर वाचते. "रोज एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघा. वाकडे दिसले तर त्याच दिवशी या." सुई घेताना मी पदर मुठीत आवळून धरला होता आणि राग तुमचाच येत होता. ही फळी सरळ आहे ना, एवढं कोणाला तरी विचारायचं होतंत.

आज सकाळी उजवा डोळा झाकला. डाव्याने पाहिलं तर मधला गज कमरेत वाकलेला. खरं सांगू? आधी मी गजालाच बोल लावला. जुनी चाळ, लोखंड वाकणारच. मग पुढे होऊन त्यावरून हात फिरवला. सरळ होता. लेकीला हाक मारली. ती टॅक्सी बघायला खाली धावली आहे, तोवर हे लिहिते आहे. पाठवायचं तर कुठेच नाही. ओळी सरळ येताहेत की नाही, मला कळत नाही, बाबा.