अर्धा सूर खाली

४ नोव्हेंबर

मी दोन दिवस बहिणीकडे काय गेले, इकडे रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त होऊन आला! थोरल्याचा उद्योग. ‘आई, हळू फिरत होता गं. आता एकदम बरोबर.’

संध्याकाळी ह्यांनी आजारपणात आणवलेली ती जॅझची तबकडी लावली. पहिल्या बाजूचं तिसरं, संथ गाणं. पियानो सुरू झाला आणि मी दचकले. ओळखीच्या माणसाने घाईघाईत उभ्याउभ्या बोलावं, तसं.

सूनबाई म्हणाली, ‘इतके दिवस अर्धा सूर खाली वाजत होतं, आई. आता बघा कसं तजेलदार!’

तजेलदार! भाजीची जुडी आहे का?

५ नोव्हेंबर

जुनं होतं तसं करून आण, म्हटलं. थोरला हसला. ‘म्हणजे मुद्दाम चुकीचं?’

हो. मुद्दाम चुकीचं.

७ नोव्हेंबर

वाचनालयातलं जॅझवरचं पुस्तक पुन्हा काढलं. अर्धं डोक्यावरून जातं. उरलेलं मी माझ्या परीने लावते. इतर गाण्यांत पियानोचे सूर सारखी जागा बदलतात, निघायची वेळ झालेल्या पाहुण्यांसारखे. ह्या तबकडीवरची मंडळी एकेका सुरावळीत ठाण मांडून बसतात. बसल्या जागेवरून काय काय दिसतं ते बघतात. पाचही गाण्यांत तीच ऐट.

आणि ते संथ गाणं! कुठे संपतं, कुठे फिरून सुरू होतं, सांधा सापडत नाही. मी शिवणारी बाई, सांधे शोधणं माझा धंदा! तरी नाही सापडला. ट्रम्पेटच्या तोंडाला झाकण लावलंय, म्हणून ते गळा काढत नाही. शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशी बोलावं तसं वाटतं. मग सॅक्सोफोन येतो. त्याला काहीतरी सांगून टाकायचं असतं, आणि तो सांगत नाही. मला असली माणसं आवडतात.

नणंदेचा फोन. ‘वहिनी, दादाला जाऊन वर्ष झालं. ते रडगाणं बंद करा आता. जरा पुढे सरका.’

म्हटलं, ती माणसं एका जागी बसून एवढं करतात, मीच का सरकू?

फोन आपटला. मी नव्हे, तिने.

९ नोव्हेंबर

दुरुस्त वेगाने पुन्हा ऐकलं. खोटं कशाला लिहू? सुंदर आहे. पण ते वाजवणाऱ्यांचं आहे. आमचं खाली आहे, अर्धा सूर.

१० नोव्हेंबर

स्वतःच दुकानात गेले. दुरुस्तीवाला ह्यांचा जुना दोस्त, हे घड्याळं दुरुस्त करायचे तेव्हापासूनचा; ह्यांना भाऊ म्हणायचा. म्हणाला, मोटरवरची झिजलेली पितळी कप्पी बदलली, तिच्यावरच वेग ठरतो. जुनी भंगारात गेली असेल.

‘शोधा. मी बसते.’

‘वहिनी, आज नाही व्हायचं.’

‘मग उद्याही बसते.’

थोरल्याला कुणीतरी कळवलंच. फोनवर म्हणे, ‘आई, लोक काय म्हणतील?’

म्हणतील, बाई बसलीय.

११ नोव्हेंबर

दिवसभर बसले. शिवण बरोबर नेलं होतं. दोन पॅन्ट्स उंचीला कमी करून झाल्या. कप्पी नाही.

तबकडी लावली नाही.

१२ नोव्हेंबर

थोरला म्हणतो, नवा प्लेअर घेऊन देतो. त्याला कसं सांगू? ह्यांच्या खोकल्यासकट, कूस बदलण्यासकट ते गाणं माझ्या कानात त्याच वेगाने बसलंय. वेग गेला की तेही गेलं. मी नाही सोडणार. हट्टी म्हणा, वेडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

१३ नोव्हेंबर

दुरुस्तीवाला घरी आला. कप्पी आणली, बसवून दिली. चहाला थांबला नाही. दारात चपला घालता घालता म्हणाला, ‘ही झिजलेली नाही, वहिनी. भाऊंनी आजारपणात माझ्या दुकानात बसून घासली होती. घड्याळजीचा हात! बोलू नको म्हणाले होते. पण तुम्ही दोन दिवस बसलात, आता कसं लपवू? म्हणाले, बाजू संपली की ती उठते. माझं औषध, मग मशीन. तबकडी हळू फिरली तर ती मिनिटभर जास्त टेकेल.’

नुसतं ‘बस’ म्हणाले असते तर?

नसते बसले. ओळखून होते मला.